डार्क एनर्जी : कृष्ण, अदृश्य की तम?

वरळीकर : दादरच्या एका शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचे फलक मराठीत करायचे आहेत. 'डार्क एनर्जी'साठी (विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा) 'कृष्ण ऊर्जा' लिहिलं होतं, तपासताना त्याचं 'अदृश्य ऊर्जा' झालं. कोणतं ठेवावं? आणि 'विश्वाच्या प्रसरणाचा दर वाढत आहे' हे वाक्य चालेल ना?

शब्दखूण : कृष्ण नकोच. काळी वस्तू प्रकाश शोषते, म्हणून कृष्णविवर हा शब्द चपखल. विश्वातला सुमारे ६८ टक्के वाटा असलेली ही ऊर्जा प्रकाश शोषत नाही आणि सोडतही नाही. विश्वशास्त्रज्ञ मायकेल टर्नर यांनी १९९८ साली हे नाव वापरात आणलं. त्यात रंगापेक्षा अज्ञान जास्त आहे. 'तमोऊर्जा' करा.

धोबीतलाव : तमोगुण बरोबर, तमोऊर्जा चूक! पुढे 'ऊ' आला की 'तमः'मधला विसर्ग गळतो, ओकार होत नाही. अतः + एव = अतएव. तसंच तम ऊर्जा.

कुलाबा : नावाचं काहीही करा, पण ते दुसरं वाक्य आधी काढा, ते सरळ चूक आहे. प्रसरणाचा दर म्हणजे हबलचा आकडा : अंतराच्या दर मेगापारसेकमागे (३२.६ लाख प्रकाशवर्षं) दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला किती किलोमीटरने वाढतो. आज तो मोजणीच्या पद्धतीप्रमाणे ६७ ते ७३ येतो, आणि तो घटतोय. डार्क एनर्जीची घनता कायम राहिली तर ५६च्या आसपास स्थिरावेल. 'हबल स्थिरांक' या शब्दानेच घोटाळा होतो, काळानुसार तो स्थिर नाही. वाढतो तो एखाद्या दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग. बँकेचं बघा : व्याजदर ७ वरून ६ टक्क्यांवर आला, पण मुद्दल लाखाचं दोन लाख झालं, तर व्याज ७,००० वरून १२,००० होतं. अंतर म्हणजे मुद्दल, वेग म्हणजे व्याज. फलकावर 'विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावत आहे' एवढंच लिहा.

शब्दखूण : 'त्वरणशील प्रसरण' का नको? पाठ्यपुस्तकात त्वरणच आहे.

कुलाबा : आहे, पण फलक उभ्याने वाचतात. लोकलने दादर सोडलं की 'वेग घेतला' म्हणतो आपण. विश्वानेही सुमारे ६ अब्ज वर्षांपूर्वी वेग घेतला, त्याआधी गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरण मंदावत होतं.

वरळीकर : वाक्य बदलतो. मग 'अदृश्य'च राहू दे?

शब्दखूण : क्ष-किरणही अदृश्यच असतात!

धोबीतलाव : आणि 'डार्क मॅटर'साठी 'कृष्णद्रव्य' रुळलंय, त्याच्या शेजारच्या फलकावर वेगळं विशेषण कसं चालेल? तम ऊर्जा लिहिलीत तर मात्र दोन शब्द सुटे ठेवा, जोडून नको.

शब्दखूण : मराठी समासाला संस्कृत संधी सक्तीचा कुठे आहे?