टेकडीवर समोरून येणाऱ्या अनोळखी बाईला 'राम राम' म्हणावं का?

टेकडीकर: पुण्यात वेताळ टेकडी, हनुमान टेकडीवर समोरून येणाऱ्याला 'राम राम' म्हणायची रीत आहे. हल्ली बऱ्याच बायका म्हणतात, नको, त्रास होतो. मग पुरुषांनी मान खाली घालूनच जायचं का? नक्की काय चालतं?

पायवाट: 'राम राम' म्हणताना पाय चालते राहिले तर तो नमस्कार. पाय थांबले की चौकशी सुरू झाली, आणि त्रास तिथूनच सुरू होतो.

समोरून येत असाल तर दहाएक पावलं आधीच बाजूला व्हा. वाट अरुंद असेल तर उताराची बाजू आपण घ्या, डोंगराची तिला द्या. एकदाच म्हणा, नजर काढून घ्या. उत्तर आलं नाही तर पुन्हा म्हणायचं नाही. कानात इयरफोन असतील तर मुळीच नाही. पहाटे अंधारात बॅटरीचा झोत जमिनीवर हवा, तोंडावर नको.

मागून येत असाल तर नमस्कार नकोच. आठ-दहा पावलांवरून 'उजवीकडून पुढे जातोय' म्हणा आणि खरंच भरभर पुढे निघा. सगळ्यात वाईट म्हणजे तिच्याच चालीनं मागे मागे चालणं. मनात काही नसलं तरी पुढे चालणारीला फक्त पावलांचा आवाज येतो, तो जवळही येत नाही नि लांबही जात नाही. चाल जुळत असेल तर दोन मिनिटं थांबा, बुटाची नाडी बांधा.

माहेर_सातारा: गावात 'राम राम पाव्हणं, कुठलं गाव?' चालतं, कारण दुसऱ्या वाक्यात माणूस कुणाच्या घरचा ते कळतं आणि तो आगाऊपणानं वागला तर घरी निरोप जातो. वारीत अनोळखी माणूस 'माऊली' म्हणून पाया पडतो, समोरचाही पडतो, आणि दोघं आपापल्या दिंडीत चालू लागतात. टेकडीवर ना ती ओळख, ना ती दिंडी. म्हणून 'एकट्याच?', 'रोज याच वेळेला येता?', 'राहता कुठं?' हे इथं विचारूच नका. मागे 'ताई' लावलं तरी बाईची वेळ आणि पत्ता काढणारेच प्रश्न आहेत ते.

कलमदान: नुसता नमस्कार गुन्हा नाही. पण १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ बघा: बाईनं नाखुशी स्पष्ट दाखवूनही तिच्या मागे जाऊन पुन्हा पुन्हा बोलणं वाढवू पाहणं म्हणजे पाठलाग. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, पुढच्या वेळी ५. लैंगिक शेरेबाजी कलम ७५मध्ये येते.

नाखुशी शब्दांतच सांगावी असं बंधन नाही, तरी एकदा मोठ्यानं सांगाच: 'मला तुमच्याशी बोलायचं नाही, मागे येऊ नका.' संकोचानं हसलात तर पुढे 'ती तर हसली होती' हेच ऐकवलं जातं. तारीख, वेळ, जागा लगेच स्वतःच्याच फोनवर लिहून ठेवा. तातडीला ११२. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. या कलमांत तक्रार महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते. प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

टेकडीकर: आणि ती बाकावर एकटी बसलेली असेल तर?

पायवाट: तर दुसरा बाक बघा. बोलणं टाळायचं तर चालणारी पुढे जाऊ शकते, बसलेलीला उठून जावं लागतं.