मधुमेहाच्या ऑनलाइन स्व-व्यवस्थापन कार्यक्रमासाठी रुग्णांची नोंदणी कशी वाढवावी?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, धर्मादाय रुग्णालयात मी समन्वयक म्हणून काम पाहते. टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांसाठी आम्ही सहा आठवड्यांचा मराठी ऑनलाइन कार्यक्रम तयार केला आहे. दर आठवड्याला एक छोटा व्हिडिओ, रुग्णाने स्वतःच ठरवायचा एक संकल्प, आणि आहारतज्ज्ञ व दोन जुने रुग्ण उत्तरे देतात असा व्हॉट्सॲप गट, असे त्याचे स्वरूप असून शुल्क काहीही नाही. फेसबुकवर जाहिरात दिली, बाह्यरुग्ण विभागात क्यूआर कोडचे फलक लावले, तरीही नोंदणी तुटपुंजीच आहे. शिवाय जे आले त्यांत निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारीच अधिक, आणि त्यांची शुगर आधीपासूनच आटोक्यात आहे. ज्यांची रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) नऊ-दहाच्या घरात आहे, ते त्याच फलकासमोर तासभर बसतात, पण मोबाइल खिशातून काढत नाहीत. अशा रुग्णांसाठी जाहिरात वाढवावी, काही बक्षीस ठेवावे, की मार्गच बदलावा?

फिजिशियन, सोलापूर

मार्ग बदला. फलक पाहून नाव नोंदवणारा माणूस आधीच जागरूक असतो, त्यामुळे जाहिरात वाढवली तरी तशीच माणसे आणखी येतील. माझ्या अनुभवात रुग्ण ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो तो दोनच वेळा: निदान नुकतेच झालेले असते तेव्हा, आणि हातातल्या रिपोर्टवर आकडा वाढलेला दिसतो तेव्हा. त्या क्षणी डॉक्टरांनी केस पेपरवरच कार्यक्रमाचे नाव लिहून "बाहेर सिस्टर बसल्या आहेत, त्यांना भेटूनच घरी जा" एवढे सांगितले, तर महिनाभराच्या जाहिरातीपेक्षा अधिक नावे येतात. हे डॉक्टरांच्या अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो. पन्नास रुग्णांची ओपीडी असेल, तर तिसऱ्या वाक्याला सवडच नसते. म्हणून त्यांच्याकडून एका वाक्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका.

एक खबरदारी आवर्जून घ्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेला रुग्ण उत्साहाच्या भरात जेवण एकदम कमी करतो आणि त्याची साखर घसरते. नोंदणीच्या वेळीच औषधांची यादी घ्या, आणि अशा रुग्णांची माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवण्याची सोय ठेवा.

सार्वजनिक आरोग्य, पुणे

वरील मुद्द्याला बाहेरच्या अनुभवाचाही आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या केट लोरिग यांच्या गटाने मधुमेहासाठी असाच सहा आठवड्यांचा इंटरनेटवरील कार्यक्रम अभ्यासला होता, आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७६१ जण सहभागी होते. सरासरी साखरेत सुधारणा झाली, पण ती माफक होती. ज्यांची एचबीए१सी सुरुवातीला ७ च्या वर होती, त्यांना लाभ अधिक झाला. म्हणजे तुमच्या निवृत्त शिक्षकांनी गट भरला, तर कार्यक्रम चांगला असूनही त्याचा परिणाम कागदावर फिकाच दिसेल.

इंग्लंडमधील 'हेल्प-डायबिटीस' या संकेतस्थळाच्या चाचणीत ३७४ रुग्ण होते. तिथे दुवा पाठवून काम संपवले नाही. स्थानिक दवाखान्यातील नर्स रुग्णाला समोर बसवून संकेतस्थळाची ओळख करून देत असे. बारा महिन्यांनंतर या गटाची एचबीए१सी तुलनेच्या गटापेक्षा ०.२४ टक्का कमी होती. मधुमेह होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर साध्या एसएमएसवर उभा होता: दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्के आणि न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्के जणांना मधुमेह झाला. लक्षात घेण्याजोगे हे, की त्यांनी माणसे रुग्णालयात शोधली नाहीत, औद्योगिक आस्थापनांत जाऊन तपासणी केली. तुमच्या भागात साखर कारखाना, सूतगिरणी किंवा एसटीचा डेपो असेल, तर त्या दिशेने विचार करा. स्त्रिया मात्र त्या वाटेने फारशा येणार नाहीत. त्यांच्यासाठी आशाताई आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी हाच रस्ता, कारण तिशीपुढील सर्वांच्या मधुमेह-रक्तदाब तपासणीच्या सरकारी कार्यक्रमामुळे कोणाच्या घरी शुगर आहे हे त्यांना आधीच ठाऊक असते. ती यादी मात्र परस्पर मागू नका. आशाताईंनी रुग्णाला विचारावे आणि तो हो म्हणाला तरच त्याचा क्रमांक तुमच्याकडे यावा.

बक्षिसाबाबत: प्रवासखर्च किंवा डेटा पॅकचे पैसे देणे वेगळे आणि आमिष वेगळे. मोफत ग्लुकोमीटरसाठी नाव देणारा दुसऱ्या आठवड्यात दिसेनासा होतो. आणि यातून पुढे शोधनिबंध करायचा असेल, तर आचारसमितीची मंजुरी आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री–इंडिया या वैद्यकीय चाचण्यांच्या देशव्यापी नोंदवहीतील नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच व्हायला हवी.

माजघर

मी रुग्णाच्या बाजूने लिहिते. माझ्या सासूबाईंना अशाच एका कार्यक्रमात घातले होते. घरातला स्मार्टफोन माझ्या दिरांकडे असतो आणि ते दिवसभर एमआयडीसीत. ओटीपी त्यांच्या फोनवर यायचा आणि ते संध्याकाळी परत येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असायची. शेवटी माझा क्रमांक दिला तेव्हा कुठे नोंद झाली. फॉर्ममध्ये "फोन कोणाचा आहे" हा रकाना का नसतो, हे मला आजही कळत नाही. दुसरे असे, की गटात त्यांनी लिहून कधीच काही विचारले नाही, परंतु आवाजी संदेश पाठवता येतो हे समजल्यावर एकादशीला साबुदाण्याऐवजी काय खावे, इथपासून सगळे विचारू लागल्या. आणि कृपा करून फलकावर पाय कापलेल्या रुग्णाचे चित्र लावू नका. त्याखाली बसायलाही नको वाटते.

वारणाकाठ

सर्वांचे आभार. चित्र खरोखरच तसले आहे, ते उद्याच उतरवते. कारखान्याच्या दवाखान्याशी बोलून पाहीन. एक शंका उरते: डॉक्टरांनीच सांगितल्यावर रुग्ण भिडेखातर हो म्हणतो आणि नंतर येत नाही, त्याचे काय करावे?

फिजिशियन, सोलापूर

डॉक्टरांनी फक्त पाठवावे, संमती सिस्टरनी घ्यावी, आणि "नाही म्हणालात तरी इथले उपचार तसेच चालू राहतील" हे वाक्य त्यांनी तोंडाने उच्चारावे. जो हो म्हणेल त्याचा पहिला व्हिडिओ तिथेच, त्याच्याच फोनवर सुरू करून द्यावा. फोन दुसऱ्याचा असेल, तर त्या व्यक्तीला पुढच्या तपासणीला सोबत बोलवावे, आणि तोवर नाव प्रतीक्षेत ठेवावे.