रिपोर्ट येईपर्यंत पायलटांनी काय तोंड शिवून बसायचं का?

होटगीरोड_फिटर:
काल एकानं इथं लिहिलं, विमान आपटलं की पायलट लोक गिधाडासारखे कारणं शोधायला बसतात, रिपोर्ट येईपर्यंत गप्प बसावं यांनी. रात्रभर डोक्यात तेच, म्हणून लिहायलोय. मी एअरफोर्समध्ये वीस वर्षं इंजिन फिटर होतो. पहाटे टाकीच्या खालून बाटलीत इंधन काढून उजेडाला धरायचो, तळाला मण्याएवढा पाण्याचा थेंब दिसला की ओतून परत काढायचं. त्यामुळं 17 जानेवारी 2008 ला बीजिंगहून आलेलं बोइंग 777 लंडनच्या हीथ्रो विमानतळावर रनवेच्या 300 मीटरच्या वर अलीकडं गवतात बसलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा पाणीच आलं. 152 लोक, मेलं कुणी नाही. फायनल रिपोर्ट आला फेब्रुवारी 2010 ला! दोन वर्षं विमान उडवणाऱ्यांनी काय भजन म्हणायचं?

कडकभाकरी:
आणि त्या दिवशी काय काय निघालं ते पण सांगा की. ब्रिटिश पंतप्रधानांच्या ताफ्यातल्या सिग्नल अडवणाऱ्या जॅमरनं इंजिन बंद पडलं म्हणे! पक्षी, इंधन संपलं, सगळं झालं. शेवटी काय, तर पाइपात साचलेला बर्फ सुटून इंधन गरम करणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाला बसला. आणि ज्या इंधनात ते झालं ते चाचणीत पास होतं, तुमच्या बाटलीत थेंबही दिसला नसता, काका.

होटगीरोड_फिटर:
बरं, बाटलीचा मुद्दा तुमचा. पण पाणीच निघालं ना शेवटी?

कडकभाकरी:
निघालं, पण गप्पांत नाही, चाचणीच्या टेस्ट रिगवर. नोव्हेंबर 2008 ला शांघायहून अटलांटाला जाणाऱ्या 777 चं एक इंजिन तसंच मंदावलं. तिथल्या पायलटांनी थ्रॉटल मागं घेऊन बर्फ सोडवला. हीथ्रोच्या सप्टेंबरमधल्या अंतरिम रिपोर्टनंतर आलेली पद्धत ती. आणि हीथ्रोच्या कॅप्टनचं काय केलं लोकांनी? हातपाय गळाले म्हणून कुजबुज. रिपोर्टात निघालं की त्यानं पंखाचा फ्लॅप 30 वरनं 25 केला म्हणून विमान रनवेच्या अलीकडच्या अँटेनावर न आपटता पलीकडं पडलं.

विडीघरकुल:
आपल्याकडं कोझिकोडला 2020 मध्ये विमान रनवेवरनं घसरलं तेव्हा तेच. कॅप्टन साठ्यांना आधी हीरो केलं, मग रिपोर्ट आला तेव्हा निम्म्या रनवेवर टेकलं, को-पायलट गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर चला, म्हणाला होता, असं निघालं. 21 माणसं गेली. हीरो म्हणणारा पण अंदाजच बांधत होता, व्हिलन म्हणणारा पण.

बाळीवेस_बे:
लंडन राहू दे बे, इथं सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरनं गावातला पानवाला पण पायलट झालता ते विसरलाव काय? ‘फनेल’मध्ये, विमान उतरायच्या वाटेत येते म्हणे. पाडली 15 जून 2023 ला, 144 ची जमावबंदी लावून, धूळ पार आमच्या गच्चीवर. आणि विमान कधी उडालं? 9 जून 2025, गोव्याला. दोन वर्षं ऊसवाल्यांनी आभाळाकडं बघत बसायचं.

कडकभाकरी:
चिमणीचा इथं काय संबंध?

बाळीवेस_बे:
संबंध असा की आमच्या मामाचा ऊस त्या हंगामात महिनाभर उशिरा तुटला. वाळून पार हलका झाला, ते वजन कुठल्या रिपोर्टात येतंय?

होटगीरोड_फिटर:
अप्रोचच्या रेषेत चिमणी ठेवून विमान उतरवायचं का मग? हीथ्रोला 720 फुटांवर इंजिनं मंदावली होती, खाली चिमणी असती तर?

बाळीवेस_बे:
हीथ्रोला ऊस पिकतोय काय?

विडीघरकुल:
बोरामणीला केला असता विमानतळ तर चिमणी पण राहिली असती. तिथं माळढोकाचं अभयारण्य आड आलं. पक्ष्याला जागा आहे, शेतकऱ्याला नाही.

कडकभाकरी:
माळढोकावर घसरू नका. मी लहानपणी नान्नजला पाहिलाय, आता दिसत नाही.

होटगीरोड_फिटर:
इंजिनावर बोलत होतो ना आपण? कडकभाकरींचं एवढं मान्य की माणसाचं नाव घेऊन अंदाज बांधू नये. इंजिनाचा बांधणार, कुणी काही म्हणा. चिमणीवाल्यांनी वेगळा धागा काढा.

बाळीवेस_बे:
काढतो की. नाव काय देऊ, ‘रिपोर्ट येईपर्यंत गप्प बसा’?