मदत हवी आहे: कर्न्झाचा उतारा का घसरतो?

मंडळी, बहुवर्षायू धान्यांवर टिपण लिहितोय, एका जागी अडकलोय. चीनच्या युन्नान विद्यापीठाने लागवडीच्या भाताचा आफ्रिकेतल्या रानभाताशी संकर करून पीआर२३ वाण काढला. एकदा लावला की ४ वर्षांत ८ कापण्या. तिथे गणित जुळलं. पण कॅन्ससच्या लँड इन्स्टिट्यूटने वाढवलेल्या कर्न्झाची, म्हणजे गव्हाच्या नात्यातल्या बहुवर्षायू गवताची, मुळं ३ मीटरपर्यंत खोल जातात, दाणा मात्र गव्हाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा, आणि दोन-तीन हंगामांनंतर उताराही घसरतो. ठोंब तर दरवर्षी पसरतच जातो! मग दाणे कमी का? फुटवे दाटून एकमेकांचं ऊन अडवतात, की झाड सगळा साठा मुळांकडे वळवतं? मधले ठोंब उपटून ओळी मोकळ्या करून कुणी पाहिल्यात का? फरक कितव्या हंगामात दिसला?