मदत हवी आहे: पँटचं आसन चुकतंय, शनिवारच्या आत कापड कापायचंय

शिवणकाम जाणणाऱ्यांनो, जरा लवकर सांगा. शनिवारी शेवटचा वर्ग आहे आणि मी अजून मांजरपाटावरच, म्हणजे साध्या सुती कापडाच्या ट्रायल पँटवरच अडकलेय. आसन म्हणजे दोन पायांमधून पुढून मागे जाणारी वळणाची शिवण, तिथेच घोळ आहे.

ब्लाउज, कुर्ते, मुलीचे फ्रॉक मी गेली पंधरा वर्षं घरीच शिवते. सलवारही. पण नाडीची सलवार आणि चेन-बेल्टची (बेल्ट म्हणजे शिवलेली कंबरपट्टी) पँट यांत केवढं अंतर आहे ते आता कळतंय. बँकेत दिवसभर काउंटरला बसून काम. माझी कंबर ३४, सीट ४२, त्यामुळे रेडीमेड पँट सीटला बसली की कंबरेत मागे मूठ जाईल एवढी पोकळी राहते. म्हणून लाइव्ह वर्ग लावला. लंडनच्या बाई शिकवतात, त्यांच्या दुपारी २ वाजता, म्हणजे आपले साडेसहा. (ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं तासभर मागे गेली, आता साडेसात. त्या शनिवारी मी साडेसहालाच सगळं मांडून एकटी बसले होते.)

बाई छान शिकवतात, तक्रार नाही. चेन लावायची तीनदा दाखवली. तरी मी उलट्या बाजूला लावलीच, कारण स्क्रीनवर बाई सरळ दिसतात आणि आपण आपल्याला आरशातल्यासारखे उलटे. मी माझं चित्र त्यांच्या चित्राशी जुळवत बसले. उसवली, परत लावली, विषय संपला.

खरी अडचण मागची आहे. ट्रायल घालून उभी राहिले की सीटखाली, मांडीच्या वरच्या भागात, दोन-तीन चुण्या पडतात. मुलगा मागून फोन धरतो, त्याचा हात हलतो, पांढऱ्या मांजरपाटावर ट्यूबचा उजेड. बाईंना त्यातून जेवढं दिसलं त्यावरून त्या म्हणाल्या, मागे कापड जास्त आहे, अर्धा इंच आडवं चिमटीत धरून टाचण्या लाव. लावल्या. उभं राहिल्यावर खरंच बरं दिसलं. पण खुर्चीत बसले आणि मागून कंबर चांगली दोन बोटं खाली सरकली, पुढे आसन काचायला लागलं. म्हणजे उभी असताना पँट बाईंची आणि बसल्यावर कुणाचीच नाही.

खरं कापड टेरीवूल (लोकर आणि पॉलिस्टरचं मिश्रण) आहे, गडद राखाडी, १.२० मीटरचा पँटपीस, पन्ना म्हणजे रुंदी ५८ इंची. एकदा कात्री चुकली की दुसरा पाय निघायचा नाही. आता विचारायचं ते हे: ती चिमटी पॅटर्नमधून कापून टाकू की राहू देऊ? आणि पँट उभं राहून बघायची असते की बसून?

प्रतिसाद

ताई, कात्री खाली ठेवा आधी.

चुण्या आडव्या सपाट पडतात की आसनाच्या पायांमधल्या टोकापासून निघून तिरक्या वर, बाजूच्या शिवणीकडे जातात? लोंबणारं कापड आणि ताणलेलं कापड फोटोत सारखंच दिसतं. बोटाने धरून पाहा. चुणी सैल, मऊ हाताला लागली तर कापड जास्त. धरता येत नाही, कडक ओढ लागते, तर तिथे कापड कमी आहे, आणि चुणीचं टोक जिकडे बोट दाखवतं तिकडेच कमी आहे.

दुसरं, आसनाची पूर्ण लांबी मोजलीत का? नुसतं स्टुलावर बसून कंबरेपासून फळीपर्यंत घेतात ते आसन किती खोल आहे त्याचं माप झालं. टेप पुढे कंबरेवर धरा, पायांमधून मागे कंबरेपर्यंत न्या. मग पॅटर्नवर पुढच्या आणि मागच्या भागाची वळणाची शिवण टेप कडेवर उभा धरून मोजा, मार्जिन सोडून. दोन्ही आकडे इथे टाका.

प्रतिसाद

माझे वडील जेंट्स टेलर होते, त्यांच्या हाताखाली काजं-बटणं केली आहेत, तेवढ्या अधिकाराने सांगते. ते गिऱ्हाइकाला ट्रायलला आधी बाकावर बसवत, मग उभं करत. सीटखालची थोडी चुणी असायलाच हवी, बसताना तेच कापड वापरलं जातं. पुतळ्यासारखी गुळगुळीत पँट पुतळ्यालाच बरी.

शिवाय मांजरपाट टेरीवूलसारखं पडत नाही. मांडीची आतली शिवण मागच्या भागाला वरच्या बाजूस पाव इंच आखूड कापतात आणि वाफेच्या इस्त्रीने ओढून पुढच्या भागाला जुळवतात. लोकर थोडी तरी ऐकते, मांजरपाट तेवढं ऐकत नाही. त्यामुळे ट्रायलमधली शेवटची चुणी मोजू नका.

आणि मागच्या मधल्या शिवणीला वर कंबरेपाशी दीड इंच मार्जिन ठेवा. बेल्ट दोन तुकड्यांत करून ती शिवण सगळ्यात शेवटी मारा. उद्या अंग भरलं की उसवून सोडता येते.

धागाकर्ती

मोजलं. टेपने माझं माप २८½ आलं, पॅटर्नवर २७. चिमटी लावल्यावर तर २६½. म्हणजे कमी होतं तिथेच मी आणखी काढत होते! चुण्याही पाहिल्या, आसनाच्या टोकापासून तिरक्याच निघतात, आणि धरता येत नाहीत.

काल रात्री टाचण्या काढल्या. मागच्या भागाचं आसनाचं टोक आतल्या शिवणीपाशी पाऊण इंच वाढवलं, ट्रायलला तिथे मांजरपाटाचीच पट्टी जोडून. मागे कंबरेला मध्यभागी पाऊण इंच उंची दिली, बाजूला शून्यावर आणली. वळणाला दोनदा टीप मारली. जेवायच्या टेबलाशी बसून भाजी निवडली, खाली वाकून मुलाची चप्पल उचलली, कंबर जागची हलली नाही. उभी राहिल्यावर एक बारीक चुणी आहे, ती आता मोजत नाही.

बाईंना दोन्ही आकडे लिहून कळवले. त्यांचं उत्तर आलं की पुढच्या तुकडीला त्या पूर्ण आसनाचं माप आधीच घ्यायला सांगतील, आणि मला म्हणाल्या शनिवारी कॅमेरा खुर्चीच्या बाजूला लाव, बसूनच दाखव.

आता शेवटचं. टोक वाढवल्यामुळे मागचे दोन्ही भाग रुंद झालेत. उभा धागा (कापडाच्या काठाला समांतर) पाळून, एक भाग वरून खाली आणि एक खालून वर असे मांडले तर ५८ पन्न्यात बसतात, पण मग बेल्टला आणि चेनपट्टीला कडेची जेमतेम चार इंच पट्टी उरते. टेरीवूलला वरखाली मांडल्यावर रंगात फरक दिसतो का? खिडकीत धरून मला तरी दिसला नाही. खिशांचं अस्तर पॉपलीनचं घेणार आहे, ते धरलेलं नाही.