कारचं स्पीकरकाम करताना प्लास्टिकला काय चिकटवावं? अनुभव लिहा

दाराचं पॅड (आतलं प्लास्टिकचं आवरण) उतरवलं की काही ना काही तुटतंच. कधी क्लिपचं घर जातं, कधी स्पीकरच्या जाळीचे खुंट, कधी ट्वीटरची (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरची) वाटी. मग दुकानात जी ट्यूब हाताशी असेल ती लावली जाते आणि महिनाभरात पॅड खुळखुळायला लागतं. कामाची पक्की माहिती असणाऱ्यांनी कृपया मापं, वेळा आणि चुका यांसकट लिहावं.

सुरुवात मीच करतो. आधी तुकडा उलटा करा आणि मागचा छाप वाचा. दोन बाणांच्या चोचींमध्ये 'पीपी', 'पीपी-टीडी२०' किंवा 'एबीएस' असं लिहिलेलं असतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, टीडी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची पूड मिसळलेली, आणि एबीएस हे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक. दाराच्या पॅडमध्ये मोठा भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचाच असतो. छाप सापडला नाही तर भाग स्वच्छ पुसून पाण्याचा थेंब टाका. पीपीवर थेंब मण्यासारखा उभा राहतो, एबीएसवर त्यापेक्षा जास्त पसरतो. गोंदाचंही तसंच आहे. जो पसरत नाही, तो धरत नाही.

ठाणे, कार ऑडिओ फिटिंग

एबीएस असेल तर काम सोपं. त्याच रंगाच्या टाकाऊ एबीएसचा कीस झाकणाच्या काचेच्या बाटलीत घ्या, कीस बुडेल इतकं ॲसिटोन ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी मधासारखी लापशी तयार होते. दोन्ही कडांना आधी नुसत्या ॲसिटोनचा हात फिरवा, मग लापशी भरा आणि चिकटपट्टीने बांधून २४ तास हलवू नका. लगेच वाजवून पाहायचा मोह होतो, पण आतलं ॲसिटोन उडालेलं नसतं आणि सांधा रबरासारखा मऊ असतो. दिसणाऱ्या बाजूला एक थेंबही जाऊ देऊ नका, तिथलं टेक्स्चर कायमचं पुसलं जातं. पीपीवर हा उपाय शून्य. ॲसिटोन त्याला विरघळवतच नाही.

नागपूर

हॉट ग्लूबद्दल स्पष्ट लिहितो, कारण कारखान्यातून आलेल्या पॅडमध्येही तो दिसतो म्हणून लोक फसतात. साध्या ग्लू गनच्या कांड्या ६० ते ८० अंशांत मऊ पडायला लागतात. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्या घरात सहज पोचतो. वायर जागेवर धरायला चालेल, ट्वीटर धरायला नाही.

फेविक्विकच्या जातीचे गोंद काचेसारखे कडक होतात आणि दार आपटलं की तडकतात. शिवाय त्यांची वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढुरकी बसते. ट्वीटर जागेवर असताना तर ते वापरूच नका, त्याच्या डोमवरही (घुमटासारख्या पडद्यावरही) तीच पावडर जमते.

कोल्हापूर, बंपर आणि प्लास्टिक दुरुस्ती

पीपीला गोंद शोधण्यापेक्षा पीपीनेच जोडा. आमच्या कामात खात्रीचा उपाय हाच. मागच्या बाजूने चिरेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडा, जाडीच्या दोन तृतीयांश खोल. चिरेच्या दोन्ही टोकांना २ मिमीचं भोक घ्या, नाहीतर ती पुढे चालत राहते. चपट्या टोकाचं, तापमान बदलता येणारं सोल्डरिंग आयर्न २५० अंशांच्या आसपास ठेवा. पीपी साधारण १६५ अंशांना वितळतं. धूर निघाला की समजा प्लास्टिक जळतंय, आणि जळकं प्लास्टिक सांधा धरत नाही. आधी खाचेच्या दोन्ही भिंती वितळवा, मग पीपीची पट्टी वितळवून भरा. नुसती पट्टी वितळवून वर थापली तर ती गार झाल्यावर खपलीसारखी निघते.

पट्टी जुन्या पीपी बंपरमधून कापा. केबल टाय वितळवून भरायची पद्धत बरीच पसरली आहे. टाय नायलॉनचा असतो, तो पीपीशी एकजीव होत नाही. ताण येणारी जागा असेल तर स्टेनलेस जाळीचा तुकडा आत दाबून वर पट्टीचा थर द्या. पॅडची भिंत जेमतेम अडीच मिमीची, म्हणून पुढच्या बाजूला ओलं फडकं लावा आणि एका जागी आयर्न रेंगाळू देऊ नका.

स्पीकरच्या जाळीचे वितळवलेले खुंट आखूड राहिले असतील तर वरून गोंदाची टोपी घालू नका. खुंटाच्या मधोमध बारीक भोक पाडून रुंद वॉशरसकट छोटा स्क्रू द्या. लांबी आधी मोजा, नाहीतर टोक पुढून बाहेर येतं.

पुणे, औद्योगिक चिकटद्रव्यांची विक्री

वर वितळवून जोडायचं वेल्डिंग सांगितलंय ते योग्यच, पण जिथे आयर्न पोचत नाही तिथे दोन पर्याय आहेत. पहिला, पॉलिओलेफिन प्रायमर, म्हणजे पीपीसारख्या प्लास्टिकवर गोंदाआधी लावायचा द्रव (लॉकटाइट ७७० हा त्यातला परिचित), आणि त्यावर सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद. प्रायमरचा एकच पातळ हात द्या. जाड थर दिला तर तोच कमकुवत ठरतो. छोट्या क्लिपसाठी हे पुरेसं.

दुसरा, थ्रीएमचं डीपी८००५ हे दोन घटकांचं चिकटद्रव्य. हे प्रायमरशिवाय पीपी आणि पॉलिथिलीन धरतं. दोन घटकांचं प्रमाण १०:१ असतं, म्हणून नोझल लावण्याआधी थोडं बाहेर काढून दोन्ही नळ्यांतून माल नीट येतोय का ते बघा. हातात वेळ अडीच-तीन मिनिटं, म्हणून आधी कोरडं बसवून पाहा. पूर्ण ताकदीला ८ ते २४ तास लागतात. आतल्या काचेच्या बारीक मण्यांमुळे थराची जाडी राखली जाते, पण शिकंजा करकचून आवळू नका. महाग आहे, आणि वास उग्र, दारं उघडी ठेवा. साधा अराल्डाइट आणि एम-सील पीपीवरून नखाने सुटतात.

रत्नागिरी

किलोभर वजनाचा साडेसहा इंची स्पीकर गोंदावर लटकवू नका. त्याचं वजन पत्र्यावरच्या बोल्टवर जायला हवं, चिकटवायचं ते फक्त हवेची फट बुजवायला. स्पीकरखालची एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) रिंग आमच्या पावसात फुगते. १२ मिमी एचडीपीई (जाड, टणक पॉलिथिलीन) घ्या. तिलाही गोंद धरत नाही, पण चार बोल्ट आणि मागे ब्युटाइलची (मऊ, चिकट रबराची) वळी पुरते. स्पीकर बदलायचा झाला तर ब्युटाइल निघतंही. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन टर्मिनल आणि पत्र्याजवळ नको, तो सुकताना ॲसिड सोडतो. ॲसिड न सोडणारा 'न्यूट्रल क्युअर' सिलिकॉन मागून घ्या.

ठाणे, वरचेच

ट्वीटरच्या टेपबद्दल राहिलं. व्हीएचबी टेपसाठी (थ्रीएमची दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड फोमची टेप) हिशेब किलोला साधारण ५५ चौ. सेंमी धरतात. ६० ग्रॅमच्या ट्वीटरला साडेतीन चौ. सेंमी होतात, पण दाणेदार प्लास्टिकला टेप पूर्ण टेकत नाही, म्हणून दुप्पट-तिप्पट द्या आणि १.१ मिमी जाडीची घ्या. निम्मं पाणी निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, पीपीवर थ्रीएमचा प्रायमर ९४ लावा, १५ सेकंद जोरात दाबा. पूर्ण पकड ७२ तासांनी.

आणि ए-पिलरवर (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर) 'एअरबॅग' लिहिलं असेल तर तिथे काहीही चिकटवू नका. पडद्यासारखी एअरबॅग उघडताना वरची वस्तू थेट तोंडावर फेकली जाते. ट्वीटर आरशाच्या तिकोनी तुकड्यात बसवा.