लोकरीचा स्वेटर मुद्दाम आटवून वाऱ्यासाठी दाट करायचा आहे. किती गरम पाणी, किती वेळ?

पाषाण_हिंजवडी
डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला दुचाकीवरून निघावं लागतं. स्वेटर जाड आहे, पण वीण सैल, त्यामुळे वारा सरळ आरपार जातो. लेबलवर 100 टक्के लोकर लिहिलंय. वीण साधी, बाहेरून सगळे सुलट टाके. गळ्याला, मनगटाला आणि खाली 1 सुलट 1 उलट बॉर्डर. मापं: छातीचा घेर 112 सेंमी, लांबी 74, बाही काखेपासून 50. मला घेर 100 आणि लांबी 66 च्या आसपास चालेल. एरवी लोकर आटू नये म्हणून सगळे जपतात, मला उलटं करायचंय. घरी फ्रंट लोड मशीन आहे. साबण कोणता, तापमान किती, आणि थांबायचं कधी हे कसं ओळखायचं?

उलट_सुलट
आधी तो आटणारा आहे का ते बघा. आतल्या शिवणीतून बोटभर लोकर काढा, मधे तोडा, दोन्ही टोकं ओली करून एकमेकांवर ठेवा आणि तळहातांत जोरात चोळा. टोकं एकमेकांत गुंतून सलग धागा झाला तर काम होईल. सुटीच राहिली तर लोकरीवर प्रक्रिया झालेली आहे. लेबलवर 'मशीन वॉश' असेल तर बहुतेक हेच कारण. अशा लोकरीच्या केसावरचे खवले आधीच घासून काढलेले किंवा पातळ राळेनं झाकलेले असतात, आणि आटणं सगळं त्या खवल्यांवरच चालतं. गरम साबणपाण्यात केस फुगतो, हलवलं की मुळाच्या दिशेनं सरकतो, पण खवल्यांमुळे मागे येत नाही. म्हणून हे एकेरी काम आहे. एकदा आटलेला स्वेटर कोणत्याही कंडिशनरनं पूर्ववत होत नाही.

आणि त्याच धाग्याचं एक टोक चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्याचा वास आणि बोटानं चुरडणारी काळी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रेलिक. हिवाळ्यात रस्त्याकडेच्या स्टॉलवर मिळणारे बरेचसे स्वेटर ॲक्रेलिकच असतात, ते उकळले तरी दाट होणार नाहीत, फक्त लोंबतील.

आता तुमची मापं. घेर 112 चा 100 म्हणजे 11 टक्के. सुलट विणीत उभं आटणं आडव्यापेक्षा जास्त असतं, साधारण दीडपट ते दुप्पट. म्हणजे घेर 100 वर येईपर्यंत लांबी 60 च्या आसपास आलेली असेल आणि बाही 41. दोन्ही मापं एकदम मिळणार नाहीत. लांबीवर लक्ष ठेवा, घेरावर नाही. लांबी 65 ला थांबलात तर घेर 105 च्या आसपास राहील. तेवढ्यानंही क्षेत्रफळ 18 टक्क्यांनी कमी होतं, म्हणजे तीच लोकर प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे 21-22 टक्के जास्त. वाऱ्याला फरक कळण्याइतकं हे नक्की आहे.

चिंचोके
फ्रंट लोडच्या आधी शेजारीपाजारी सेमी-ऑटोमॅटिक आहे का विचारा. या कामाला तीच उत्तम, कारण झाकण कधीही उघडता येतं. फ्रंट लोडचं दार मधेच उघडत नाही, आणि लोकर आटते ती अशी की बराच वेळ काहीच होत नाही, मग अचानक होतं.

सुरू करण्याआधी सुती दोऱ्यानं मोठे टाके घालून गळा आणि खालची बॉर्डर हलकी आवळून घ्या. कडा अंगाइतक्या आटत नाहीत आणि मग झालरीसारख्या पसरतात. सुती दोरा आटत नाही, शेवटी ओढून काढता येतो. चेन असेल तर उसवा.

टबात गीझरचं पाणी, 50 ते 55 अंश. स्वेटर बुडेल इतकंच, जास्त नाही. स्वेटर पाण्यात तरंगत राहिला तर घासला जात नाही. 10 लिटरला कपड्याच्या साध्या वडीचा कीस 2 टेबलस्पून. फेस भरपूर झाला तर तोही घर्षण खातो, तेव्हा हात आखडता. बोअरचं पाणी असेल तर साबणाचा चिकट साका बसतो. त्यापेक्षा महापालिकेचं पाणी घ्या, नाहीतर वडीऐवजी भांडी घासायचं लिक्विड 2 चमचे. एन्झाइमवाली पावडर नको. डाग काढणारं प्रोटीएज लोकरीचं प्रथिनही खातं. धुण्याचा सोडाही नको, गरम पाण्यात तो केस ठिसूळ करतो.

सोबत जुन्या जीन्स 2, रंग न जाणाऱ्या. टॉवेल नको, त्याचे धागे लोकरीत कायमचे अडकतात. स्वेटर उलटा करून टाका आणि 4-4 मिनिटं फिरवा. दर खेपेला बाहेर काढा, हातमोजे घालून. काखेत आणि बाहीत आतल्या बाजू एकमेकींना चिकटू लागतात, त्या ओढून सोडवा. घडी बदला, नाहीतर तिची रेघ पक्की होते. मग सपाट ठेवून लांबी मोजा.

उलट_सुलट
थांबण्याची खूण माझ्याकडून: स्वेटर पिळू नका, टॉवेलात दाबा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. टाक्यांमधून उजेडाचे ठिपके दिसतात ते अर्ध्याहून कमी झाले आणि टाके धूसर पण अजून मोजता येण्याजोगे असले की थांबा. दुसरी परीक्षा तोंडाची. कापड ओठांवर दाबून फुंका, पलीकडे हात ठेवून हवा किती आरपार येते ते बघा. टाके पार दिसेनासे होईपर्यंत नेलंत तर कापड नमद्यासारखं, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखं होतं. वारा उत्तम अडतो, पण कोपर वाकवताना बाही ताठ. हँडल धरून बसणाऱ्याला ते सोयीचं नाही.

वारा_प्रूफ
200 ग्रॅमचं विंडचीटर वर घाला की राव. पाऊण तासाचं काम वाचेल, स्वेटरही वाचेल.

चिंचोके
विंडचीटर वारा जास्त अडवतं, वादच नाही. पण सिग्नलला थांबलं की आत घाम धरतं, आणि दाट लोकर ओली झाली तरी ऊब देते. ऑस्ट्रियातले डाखस्टाइन हातमोजे याच कारणासाठी मोठे विणून मग आटवतात, आणि हिमाचलात पट्टूचं कापड गरम पाण्यात पायानं तुडवून दाट करतात. आपल्या घोंगडीचा मार्ग वेगळा, तिथे दख्खनी मेंढीची राठ लोकर आणि चिंचोक्याची खळ. ती खळ स्वेटरला लावायच्या फंदात पडू नका, कडक होईल. 40 च्या वेगाला आटवलेला स्वेटर एकटा पुरेल असं मात्र मीही म्हणणार नाही. छातीवर आत एक पातळ थर हवाच.

पाषाण_हिंजवडी
धागा जुळला, जळल्यावर राखही झाली. पण सेमी-ऑटोमॅटिक कुणाकडेच नाही. फ्रंट लोडवर कसं करू? आणि गरम पाण्यातून काढून लगेच बर्फगार पाण्यात बुडवतात असं वाचलं, ते करायचं का?

उलट_सुलट
गार पाण्याचा झटका लोक सांगतात, पण काम घर्षणाचं आहे. त्यानं फार फरक पडत नाही.

फ्रंट लोडला सगळ्यात छोटा प्रोग्राम घ्या ज्यात तापमान स्वतः ठरवता येतं. पहिल्यांदा 40 अंश, स्पिन 400. मोजा. लांबी 70 च्या वरच राहिली तरच दुसरी फेरी 60 वर. थेट 60 चा लांब कॉटन प्रोग्राम लावलात तर दार उघडेपर्यंत स्वेटर पुतण्याच्या मापाचा झालेला असतो. स्वेटर चेनवाल्या उशीच्या अभ्र्यात घाला, नाहीतर सुटलेली लोकर पंपाच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते आणि पाणी तुंबतं. तरीही काम झाल्यावर फिल्टर उघडून साफ करा.

60 अंशांची फेरी लावायच्या आधीच लांबी 67-68 दिसली तर मशीन बंद करून उरलेलं बादलीत हातानं करा. तिथे फक्त छातीचा भाग धुण्याच्या खाचांच्या फळीवर चोळता येतो आणि बाह्या पाण्याबाहेर ठेवता येतात. चोळताना कडेला जोर कमी करत न्या, नाहीतर दाट आणि सैल भागांच्या सीमेवर चुण्या पडतात.

शेवटी साबण पूर्ण जाईपर्यंत कोमट पाण्यात 3 वेळा खळबळा. शेवटच्या पाण्यात 10 लिटरला 50 मिली पांढरं व्हिनेगर, साबणाचा उरलेला अल्कलीपणा जातो. मग ओला असतानाच चटईवर पसरून बाह्या आणि अंग लांबीकडे ओढा, 2-3 सेंमी नक्की परत मिळतात. वाळल्यावर ते होणार नाही. सावलीत सपाट वाळवा, दोरीवर टांगलात तर खांदे उतरतात. आवळलेला दोरा पूर्ण वाळल्यावर काढा. पुढची धुणी कायम गार पाण्यात, न चोळता.